‘परत फिरू या’ म्हणायला दम लागतो

बर्फावर नीट स्की करायला शिकले, त्याला चार हिवाळे लागले. आणि गटात असताना गप्प न बसायला शिकले, त्याला त्याहून कितीतरी जास्त. त्या दुसऱ्या शिक्षणाविषयी.

परवा भाचीने एक रील पाठवलं. जेमतेम बावीस सेकंदांचं. पांढऱ्याशुभ्र धारेवर एक माणूस उभा आहे. समोर एकही रेघ न उमटलेला उतार. तो काठ्या टेकतो आणि सुसाट खाली येतो. मागे बर्फाचा धुरळा, वर कुठलंसं इंग्रजी गाणं. खाली भाचीचा मेसेज : ‘मावशी, तू हेच करतेस ना? मला पण शिकव. या हिवाळ्यात जाऊ या.’

मी ‘हो’ टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं.

त्या रीलमध्ये खोटं काही नव्हतं. आनंद असतोच तसा. फक्त त्या बावीस सेकंदांच्या आधीचे तीन-चार तास त्यात नव्हते. आणि त्याच धारेच्या खालून तो माणूस कितीदा मुकाट परत फिरला असेल, ते दिवसही नव्हते. बरोबर आहे म्हणा, परत फिरण्याचं रील कोण करणार?

पण वीस-पंचवीस वर्षं हा नाद जपल्यावर मला ठामपणे वाटतं, की या खेळातला शिकण्यासारखा भाग नेमका तोच आहे. म्हणून आधी भाचीसाठी आणि मग तिच्या वयाच्या तुमच्यासाठी हे लिहितेय.

आखलेल्या वाटेच्या बाहेर

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. स्की रिसॉर्टमध्ये यंत्राने चोपून सपाट केलेले, खुणा लावलेले उतार असतात. त्यांना पिस्ट म्हणतात. तिथे कुणी पडलं तर मदतीला पेट्रोलचे लोक असतात, धोका वाटला तर उतार बंद करतात. या आखलेल्या वाटेबाहेर, जसा पडला तसाच असलेल्या बर्फावर स्की करायचं म्हणजे ऑफ-पिस्ट. तिथे ना खुणा, ना कुणी राखण करणारं.

स्की टूरिंग त्याच्या एक पाऊल पुढे. यात वर न्यायला गोंडोला नसतो, आपल्याच पायांनी डोंगर चढायचा. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेरची किंवा नायलॉनची असते. मखमलीवर एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की अडतं, तसंच हे. पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी ठेवायची म्हणजे चालता येतं. वर पोहोचलं की स्किन काढून सॅकमध्ये टाकायची, टाच बांधायची आणि उतरायचं.

गणित असं. बऱ्यापैकी फिट माणूस तासाला साधारण तीनशे मीटर उंची गाठतो. म्हणजे नऊशे मीटरचा डोंगर असेल तर तीन तास चढ, आणि उतरायला थांबत-थांबत वीस मिनिटं. दिवसभराच्या खेळात ‘थरार’ म्हणावा असा भाग एवढाच. बाकी सगळं चालणं, घाम, पाणी पिणं, जॅकेट काढणं, जॅकेट घालणं आणि बर्फाकडे बघणं.

सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना हे पटकन समजतं. आपण काय, पहाटे दोनला पायथ्याच्या गावात एसटीच्या थांब्यावर झोपून उजाडता चढाई करणारी जमात. वरच्या वीस मिनिटांसाठी चार तास चालायचं, यात आपल्याला विचित्र काही वाटत नाही.

पडायचे चौदा दिवस

मी वीस वर्षांची असताना गुलमर्गला बेसिक कोर्स केला. नाशिकहून जम्मू, जम्मूहून बसने श्रीनगर, तिथून टंगमर्ग. गोंडोलाचा वरचा टप्पा तेव्हा सुरू झालेला नव्हता. भाड्याचे बूट एक नंबर मोठे, हातमोजे ओले, आणि पहिले चार दिवस नुसतं पडणं. माझ्या शेजारी टंगमर्गचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा लाकडी फळकुटांवर सरळ खाली जायचा आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसायचा. राग यायचा, पण त्याचं बघूनच मी गुडघे वाकवायला शिकले.

आपण हसण्याचा विषय होतोय असं वाटलं तर शेरलॉक होम्सच्या बापाची गोष्ट आठवायची. सर आर्थर कॉनन डॉयल बायकोच्या क्षयाच्या आजारामुळे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला राहत होता. तिथल्या ब्रँगर आडनावाच्या दोघा भावांनी नॉर्वेहून आलेल्या या फळ्यांवर चालायचा नाद लावून घेतला होता. लोक हसतात म्हणून ते अंधार पडल्यावर सराव करायचे असं सांगतात. १८९४च्या मार्चमध्ये त्या दोघांबरोबर डॉयल खिंड ओलांडून दाव्होसहून आरोसाला गेला. वाटेत एका खड्या उतारावर तो चक्क बसून घसरत आला आणि पँटची वाट लागली. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने यावर लेख लिहिला आणि एक दिवस शेकडो इंग्रज या खेळासाठी स्वित्झर्लंडला येतील असं भाकीत केलं. ते खरं ठरलं.

मला या गोष्टीतली एक बाजू फार आवडते. एवढा नावाजलेला लेखक, पण डोंगरावर तो दोन गावकऱ्यांच्या मागे मुकाट चालला. ठरवणार ते, कारण बर्फ त्यांना कळत होता. गुलमर्गमध्येही तेच आहे. तिथले गाईड सकाळी दारात उभे राहून पाच मिनिटं नुसती हवा बघतात, फिरनच्या आत कांगडी धरून. आपल्याला वाटतं, टाइमपास चाललाय. तो टाइमपास नसतो.

साखर आणि फरशी

बर्फ म्हणजे एकसंध पांढरं काही नसतं. ते थरांचं असतं. प्रत्येक हिमवर्षाव म्हणजे एक थर, आणि प्रत्येक थराची हवा, थंडी, वारा वेगळा. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला आणि मग कडक थंडी पडून आकाश निरभ्र राहिलं, तर जमिनीलगतचा बर्फ सुट्टा होतो, दाणेदार साखरेसारखा. मुठीत धरला तरी गोळा होत नाही. मग वाऱ्याने आणून टाकलेला जड, घट्ट थर त्याच्यावर बसतो. म्हणजे साखरेवर फरशी. सपाटीवर असेल तर काही होत नाही. उतारावर एखाद्या माणसाचं वजन पडलं, की खालची साखर बसते आणि वरची फरशी सुटते. सुटताना ती एका तुकड्यात सुटते, आणि आपण तिच्यावर उभे असतो.

अशी बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. गंमत म्हणजे स्कीला सगळ्यात मजा येते तो उतारही नेमका हाच. त्याहून कमी असेल तर कंटाळवाणं, त्याहून खडा असेल तर बर्फ साठतच नाही. आणि माणसांचा जीव घेणारी दहातली जवळपास नऊ हिमस्खलनं आपोआप येत नाहीत. अडकलेल्याने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी ती सुरू केलेली असतात. ‘डोंगर कोपला’ वगैरे आपण म्हणतो, पण सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच पायाने होते.

म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतातच. ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगाला बांधायचं सिग्नल देणारं-शोधणारं यंत्र. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी. आणि फावडं. पोलिसांना, लष्कराला फोन करेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान हे प्रमाण तीनात एकावर येतं. त्या दहा मिनिटांत तिथे फक्त तुमचे मित्र असतात.

गुलमर्गला हे वाचून शिकायची वेळ आलेली नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये खिलनमर्गच्या उतारावर लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे पंधराहून अधिक जवान हिमस्खलनात गेले. २०२३च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४च्या फेब्रुवारीत एक रशियन. गोंडोलातून उतरलं की दोन-चारशे पावलांवर राखलेली हद्द संपते. तिथे भिंत नसते, कुंपण नसतं. एक दोरी असते फार तर.

धप्प

आता जी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, ती.

मी या नादात सहा-सात हिवाळे मुरले होते. आम्ही पाच जण होतो, सगळे मित्र, त्या दिवशी गाईड घेतला नव्हता. ‘आता काय, आपल्याला येतं’ असं वाटायला लागलेलं वय. तीन दिवस सलग बर्फ पडून त्या सकाळी लख्ख उघडलं होतं. पाच पातळ्यांच्या धोक्याच्या मोजपट्टीवर त्या दिवशी तीन होते. तीन हा आकडा फसवा. चार किंवा पाच असले की लोक चहा पीत खोलीत बसतात. तीनला ‘चालतंय की’ म्हणून निघतात. युरोपात हिमस्खलनाने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू या तीनच्या दिवशी होतात.

आमच्यात एक मैत्रीण नवी होती. तिला मीच ओढून आणलं होतं. अफरवटच्या धारेखालून तिरकं जाताना माझ्या पायाखाली एक आवाज झाला. धप्प. जड गादीवर कुणी बसावं तसा. हा आवाज म्हणजे खालचा थर बसल्याचा निरोप. प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक कोर्समध्ये तो सांगतात, आणि ऐकू आला तर काय करायचं तेही सांगतात. थांबायचं, उतारावरून बाजूला व्हायचं, परत फिरायचं.

मी थांबले. मागे पाहिलं. बाकीच्यांनीही माझ्याकडे पाहिलं. समोर आधीच्या कुणाच्या तरी दोन रेघा उतरत गेलेल्या दिसत होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘गेलेत की लोक.’ मी काही बोलले नाही. ते बोलत नाहीत म्हणजे ठीक असेल, असं मला वाटलं.

मैत्रीण तिसरी उतरली. तिच्या वर पंधरा-वीस फुटांवर उतारावर एक चीर उमटली, सरळ, सुरीने कापावी तशी. आणि सगळं चालायला लागलं. साठ-सत्तर मीटर ती वाहत गेली. आवाज फार नव्हता. थांबलं तेव्हा तिचं डोकं आणि एक हात वर होता, छातीपर्यंत गाडली गेली होती. हिमस्खलनाचा बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो, बोटसुद्धा हलवता येत नाही. आम्ही चार जणांनी फावड्यांनी तिला मोकळं केलं. गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. बाकी ती शाबूत होती. डोकं दोन फूट खाली असतं, तर हा लेख मी लिहीत नसते.

रात्री हॉटेलमध्ये बुखारीभोवती बसलो. कहव्याचे पेले हातात. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, ‘मला तिथे बरं वाटत नव्हतं.’ दुसरा म्हणाला, ‘मला पण.’ तिसरा म्हणाला, ‘मी म्हणणार होतो, पण तुम्ही सगळे उत्साहात होता.’

म्हणजे पाचांपैकी चौघांना वाटलं होतं की परत फिरावं, आणि चौघेही गप्प होते.

मैत्रिणीने माझ्याकडे बघून विचारलं, ‘तू आवाज ऐकला होतास ना?’

त्या प्रश्नाचं उत्तर मी ‘हो’ असं दिलं. अजून काय देणार?

हुशार लोकांचं काय होतं?

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की आमचं काही जगावेगळं झालं नव्हतं. १९ फेब्रुवारी २०१२ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास रिसॉर्टच्या मागे टनेल क्रीक नावाच्या उतारावर सोळा जण उतरायला गेले. साधेसुधे नव्हते. व्यावसायिक स्कीअर, स्कीवर लिहिणारे पत्रकार, तो डोंगर अंगणासारखा माहीत असलेले स्थानिक. हिमस्खलन झालं, तिघे गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जॉन ब्रांच यांनी त्यावर लिहिलेल्या ‘स्नो फॉल’ या दीर्घ लेखाला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्यातल्या बऱ्याच जणांना निघतानाच शंका आली होती. गट फार मोठा आहे, बर्फ नवा आहे. पण एवढे तज्ज्ञ बरोबर असताना आपण कशाला बोला?

इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने अमेरिकेतल्या सातशे पंधरा हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्याचा प्रश्न साधा होता : धोक्याची चिन्हं डोळ्यांसमोर असताना शिकलेली माणसं पुढे का जातात? उत्तरात त्याने काही सापळे सांगितले. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर असे :

‘इथे दहा वेळा आलोय.’ ओळखीच्या जागेची भीती वाटेनाशी होते.

‘एवढ्या लांब आलोय, सुट्टी टाकलीय, पैसे भरलेत.’ ठरवलेलं मोडवत नाही.

‘त्याला कळतं, तो बघेल.’ गटातल्या एकावर सगळं टाकून बाकीचे डोकं बंद करतात. कित्येकदा तो एक जण केवळ वयाने मोठा किंवा आवाजाने मोठा असतो.

‘तिने मला घाबरट म्हणू नये.’ आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा.

‘ते गेले, मग आपण का नाही?’ दुसऱ्याच्या रेघा. रेघ एवढंच सांगते, की तो माणूस तेव्हा सुटला.

‘आज नाही तर ही ताजी पावडर मिळणार नाही.’ दुपारपर्यंत दुसरं कुणी उतार खराब करेल ही घाई.

यातलं एकही वाक्य बर्फाबद्दल नाही, हे बघा. सगळी माणसांबद्दल आहेत. बर्फाचा अभ्यास केलेले लोकही यात अडकले, कारण त्यांनी अभ्यास बर्फाचा केला होता.

परत फिरणारा माणूस

मग काय, घाबरून घरी बसायचं? नाही. एक उदाहरण देते.

पोलंडचा अँजेय बार्गिएल २०१७मध्ये के-टू वरून स्कीने उतरायला गेला आणि परिस्थिती धोकादायक वाटली म्हणून परत आला. २०१८मध्ये पुन्हा गेला आणि के-टूच्या माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्कीने उतरणारा जगातला पहिला माणूस ठरला. मग एव्हरेस्ट. २०१९मध्ये खुंबू आइसफॉलच्या डोक्यावर एक मोठा बर्फाचा कडा लोंबत होता, म्हणून परत फिरला. २०२२मध्ये वारा थांबेना, परत फिरला. सप्टेंबर २०२५मध्ये कृत्रिम ऑक्सिजन न वापरता तो एव्हरेस्ट चढला आणि स्कीने बेस कॅम्पपर्यंत उतरला. बातमी २०१८ची आणि २०२५ची झाली. पण मधली तीन माघारं नसती, तर यातली एकही बातमी झाली नसती.

त्याच्या हातात आणि त्याच्या हिमतीत काही कमी होतं असं कुणी म्हणू शकेल का?

आता यातली खरी अवघड गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आम्ही धारेच्या दीडशे मीटर खालून परत फिरलो. वाऱ्याने आणून टाकलेला थर पायाखाली पोकळ वाजत होता. खाली येऊन पाहिलं, तर दुपारी दुसरा एक गट त्याच उतारावरून मस्त उतरला. काही झालं नाही. आमच्यातला एक जण चरफडला. साहजिक आहे. परत फिरलो ते बरोबर होतं का, याचा पुरावा डोंगर कधीच देत नाही. आणि जो चुकीचा निर्णय घेऊन सुखरूप उतरतो, त्याला डोंगर शाबासकी दिल्यासारखी चांगली पावडर देतो. म्हणजे शिक्षकच असा, की चुकीच्या उत्तरालाही बऱ्याचदा पैकीच्या पैकी गुण देतो. अशा शिक्षकाच्या भरवशावर ‘अनुभव’ मोजायचा नसतो. पंचवीस वर्षं करतेय म्हणजे पंचवीस वर्षं बरोबर केलं असं नाही. त्यातला बराचसा भाग नशिबाचाही असेल, हे मला मान्य करावं लागतं.

हे फक्त बर्फाचं नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. दर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यांवर, धरणांच्या सांडव्यांवर, निसरड्या कड्यांवर कॉलेजची पोरं-पोरी जातात, आणि दर पावसाळ्यात काही परत येत नाहीत. आपण बातमी वाचून म्हणतो, ‘अक्कल नव्हती का?’ अक्कल होती. माझी खात्री आहे, त्या गटातल्या निदान दोघांना पाणी वाढताना दिसलं होतं. दोघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं असेल. वरून आम्ही मोठी माणसं ‘जाऊ नका’ एवढंच सांगतो आणि धबधब्यावर जमावबंदी लावतो. ‘गेल्यावर मध्येच परत कसं फिरायचं, आणि तसं म्हणणाऱ्याचं कसं ऐकायचं’ हे कुणी शिकवतच नाही. माझं म्हणणं, ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये, कॉलेजच्या हायकिंग क्लबमध्ये गाठी मारायला शिकवतात त्याच दिवशी हे शिकवावं.

एकाचा नकार, सगळ्यांचा नकार

माझी ती मैत्रीण दोन वर्षांनी परत आली. गुडघा बरा करून. पण येताना तिने एक अट घातली, आणि आमचा गट आजतागायत त्या अटीवर चालतो. पाचांपैकी कुणीही एकाने ‘परत फिरू या’ म्हटलं, की सगळे फिरणार. कारण विचारायचं नाही. मतदान नाही. खाली आल्यावर टोमणा नाही. सगळ्यात नवख्याचा नकारही सगळ्यात अनुभवी माणसाच्या होकारापेक्षा मोठा.

सुरुवातीला वाटलं, असं केलं तर आपण कधी उतरणारच नाही. तसं झालं नाही. उलट झालं. कुणी काहीतरी लपवतंय का, ही धाकधूक संपली, आणि जेव्हा पाचही जण ‘चला’ म्हणतात तेव्हा त्या ‘चला’वर भरवसा ठेवता येतो. आणखी दोन सवयी लागल्या. वाट खोलीवर बसूनच ठरवायची, उताराचे अंश नकाशावर बघून, आणि वर गेल्यावर मोह झाला तरी त्याहून खडी वाट निवडायची नाही. अवघड उतारावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

खेळ महाग आहे, हे खरंच. लपवत नाही. पण सुरुवात महाग नाही. गुलमर्ग, औली, मनाली इथे सरकारी संस्थांचे बेसिक कोर्स असतात, सामान तिथेच मिळतं. पुढची चार वर्षं भाड्याच्या स्कीवर काढता येतात, मी काढली. ऑफ-पिस्टवर मात्र स्थानिक गाईडशिवाय जाऊ नका. त्याला दिलेले पैसे वाटाड्याचे नसतात. तो ‘आज नको’ म्हणेल, त्याचे असतात.

तर भाचीला मी शेवटी हे लिहिलं : ‘हो, शिकवते. पहिल्या हिवाळ्यात तू फक्त पडशील. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फात खड्डे खणून थर बघशील आणि कंटाळशील. तिसऱ्या हिवाळ्यात आपण एखाद्या धारेवर जाऊ. आणि तिथे तुला काही बरोबर वाटलं नाही, तर मी मावशी आहे, मला जास्त कळतं, असं समजून गप्प बसायचं नाही. मोठ्याने म्हणायचं. हे कबूल असेल तर तिकीट काढ.’

ब्लू टिक आलीय. उत्तर अजून नाही. विचार करत असेल तर चांगलंच आहे.